रेसिंग गेममधला प्रतिस्पर्धी: तगडाही हवा आणि प्रामाणिकही

घाटवळण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं मी आणि माझा एक मित्र नोकरी सांभाळून मोबाईलसाठी एक छोटा रेसिंग गेम करतो आहोत. ट्रॅक एकच, घाटातला. अकरा वळणं, त्यातली दोन हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारी. खेळाडूसोबत सहा गाड्या धावतात आणि त्या सहाही संगणक चालवतो. रस्ता झाला, गाड्या झाल्या, इंजिनांचे आवाज झाले. गाडं अडलंय ते या सहा जणांपाशी.

पहिल्या आवृत्तीत आम्ही सगळ्यात सोपा मार्ग धरला. ट्रॅकवर एक वक्ररेषा आखली आणि गाड्या तिच्यावरून सोडल्या. खेळाडू पुढे गेला की मागच्यांचा वेग वाढवायचा, तो मागे पडला की पुढच्यांचा कमी करायचा. याला रबर बँडिंग म्हणतात, सगळ्यांना एकाच रबराने बांधल्यासारखं. आम्हाला वाटलं, काय चुरस होतेय!

दिवाळीत भाचा आला. वय अकरा. तीन लॅप, म्हणजे ट्रॅकच्या तीन फेऱ्या, खेळला आणि चौथ्या लॅपला रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करून बसला. मला वाटलं कंटाळला. तो कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाकडे बघत होता. मग म्हणाला, "मामा, मी थांबलो की ते पण हळू होतात." पुढची रेस त्याने सगळ्यांच्या मागे राहून आरामात काढली, नायट्रो (थोडा वेळ जास्तीचा वेग देणारं इंधन) वाचवून ठेवला आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात सहाही जणांना मागे टाकून जिंकला. जिंकल्यावर फोन खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

दुसऱ्या आवृत्तीत आम्ही रबर काढून टाकलं. आता सहाही गाड्या मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागून एक जातात. खेळणारा चांगला असेल तर पहिल्या लॅपमध्येच पुढे निघून जातो आणि उरलेली रेस एकटाच चालवतो. नवशिका असेल तर त्याला कोणाचे मागचे दिवेसुद्धा दिसत नाहीत.

माझं मन एका गोष्टीवर ठाम आहे. प्रतिस्पर्ध्याची गाडी खेळाडूसारखीच असली पाहिजे. तेच इंजिन, तेवढंच वजन, टायरला तेवढीच पकड. काय कमी-जास्त करायचं ते चालवणाऱ्याच्या हातात करावं, गाडीत नाही. पण हे जमवायचं कसं? ज्यांनी असं काही केलंय किंवा भरपूर खेळलंय त्यांनी कृपया लिहा.

चौथा_गिअर

विषय काढलात आणि एकदम सायबर कॅफेत जाऊन पोचलो. तासाला वीस रुपये, आणि आम्ही तिघं वर्गणी काढून 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड' खेळायचो. २००५चा तो. हरवायच्या पंधरा जणांची यादी, म्हणजे ब्लॅकलिस्ट, शेवटी रेझर आणि त्याने बळकावलेली आपली बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर. एकेकाला हरवत वर सरकण्यात जी मजा होती ती मला नंतर कुठल्या गेममध्ये फारशी मिळाली नाही.

पण तुमचा भाचा म्हणतो ते आम्हालाही कळलं होतं. अख्खी रेस एकही चूक न करता चालवा, मागचा तेवढ्याच अंतरावर चिकटलेला. शेवटच्या वळणावर एकदा भिंतीला घासलं की तो निघून जायचा. मग आमच्यातला एक जण म्हणायला लागला की पहिले दोन लॅप कशाला जीव काढायचा, शेवटचा नीट चालवू. म्हणजे दोन लॅपचे पैसे फुकटच!

आणि तरीही मी तो गेम सोडला नाही. कारण मागे कोणीतरी आहे ही भीती खरी वाटायची. त्यामुळे रबर सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही.

सायली_गेमडेव्ह

मी याच व्यवसायात आहे, म्हणून जरा लांबण लावते.

धागाकर्त्यांचा विचार योग्य आहे आणि तो आकड्यांत बसवता येतो. गाडी सारखीच ठेवा. प्रत्येक ड्रायव्हरला फक्त एक आकडा द्या: टायरला किती पकड आहे असं *त्याला वाटतं*. खरी पकड १ धरली तर एखाद्याला ०.९ वाटते, दुसऱ्याला ०.९७, आणि एखाद्या दांडग्याला १.०४.

आता ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. पकड १ असेल तर त्यातून साधारण ताशी ८० किलोमीटरने जाता येतं. सरळ पट्ट्यावर गाडी १८० ने येतेय. अचूक ड्रायव्हर वळणाच्या सुमारे १०२ मीटर आधी ब्रेक मारेल. ०.९ वाला घाबरट आहे. त्याच्या हिशोबाने वळणाचा वेग ७५-७६ आणि ब्रेकही हलका दाबायचा, म्हणून तो सुमारे ११७ मीटरवरच ब्रेक मारतो. मधले जवळपास १५ मीटर म्हणजे साडेतीन गाड्यांची लांबी. मागून येणाऱ्या खेळाडूला त्याचे ब्रेकचे दिवे लवकर लागलेले स्वच्छ दिसतात. तीच ओव्हरटेकची जागा, आणि ती खेळाडूने स्वतः बघून मिळवलेली असते.

१.०४ वाला याच्या उलट. तो ९७-९८ मीटरवर ब्रेक मारतो. टायर त्याला हवी तेवढी साथ देत नाहीत आणि ८० च्या वळणात तो ८७ ने शिरतो. मग बाहेरच्या कडेला फेकला जातो आणि आतली बाजू मोकळी पडते. ही चूक तुम्ही लिहिलेली नाही, भौतिकशास्त्राने त्याच्याकडून करवली आहे. म्हणून ती खरी दिसते. दर अमुक सेकंदांनी मुद्दाम घसरवलेली गाडी लोकांना लगेच ओळखू येते.

प्रत्येक वळणाला हा आकडा थोडा हलवा. एखाद्याला उतारावर कमी विश्वास द्या, एखाद्याला उजव्या वळणांवर. सहा जणांचे सहा स्वभाव तयार होतील आणि मुंग्यांची रांग मोडेल.

निनाद_श्टुटगार्ट

सायली, फार सुंदर समजावलंत. मी घरी स्टिअरिंग आणि पेडल लावून सिम रेसिंग, म्हणजे खऱ्यासारख्या गाड्यांच्या शर्यती, खेळतो, म्हणून दुसऱ्या टोकाकडून लिहितो. वेगवान बॉट, म्हणजे संगणकाचा ड्रायव्हर, बनवणं हा प्रश्न आता जवळजवळ सुटलेला आहे. सभ्य बॉट बनवणं फार अवघड आहे.

'ग्रान तुरिस्मो' या रेसिंग गेमसाठी सोनीने सोफी नावाचा एआय ड्रायव्हर तयार केला. त्याला रेषा आखून दिली नव्हती. हजाराहून जास्त प्लेस्टेशन ४ वर स्वतःच चालवून, चुका करून तो शिकला. जुलै २०२१ मध्ये जगातल्या उत्तम खेळाडूंसमोर चार विरुद्ध चार अशी लढत झाली. एकट्याने वेळ लावण्यात सोफी पुढे होता, पण सांघिक गुणांत माणसं ८६-७० अशी जिंकली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा लढत झाली आणि सोफी १०४-५२ ने जिंकला. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेने हे काम मुखपृष्ठावर घेतलं.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती शिक्षेची गोष्ट. धडकलास तर गुण कमी, हे त्याला शिकवायचं होतं. शिक्षा कमी ठेवली तर तो इतरांना ढकलून पुढे जातो. जास्त ठेवली तर इतका बुजतो की कोणीही नाक घुसवून त्याला बाजूला करतं. रेसिंगमध्ये शिष्टाचाराचा बराच भाग अलिखित असतो आणि धडक कोणाच्या चुकीने झाली हे पंचांनाही नेहमी ठरवता येत नाही. वेग सेकंदांत मोजता येतो, सभ्यपणा मोजायला फूटपट्टी नाही.

तुमच्या सहा जणांसाठी एक साधा नियम सुचवतो. शेजारच्या गाडीचं पुढचं चाक आपल्या दारापर्यंत आलं असेल तर तिच्यासाठी एक गाडीभर जागा सोडायची. आपली आवडती रेषा मोडली तरी चालेल. आणि एकदा बाजू धरली की ब्रेक मारताना ती बदलायची नाही. एवढं पाळलं तरी गेमचा चेहरामोहरा बदलेल.

चौथा_गिअर

निनाद, मग माणसांकडूनच का शिकवू नये? 'फोर्झा' या रेसिंग गेममध्ये तसंच काहीतरी आहे ना, ड्रायव्हाटार?

निनाद_श्टुटगार्ट

आहे. मूळ कल्पना २००५च्या पहिल्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'पासूनची, मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांची. तुम्ही काही ठराविक वळणं चालवून दाखवायची, त्यावरून तुमची चालवण्याची ढब उचलायची. २०१३च्या पाचव्या भागात ते सगळं क्लाउडवर गेलं आणि मित्रांच्या नावाच्या गाड्या आपल्याशी शर्यत करू लागल्या. कल्पना मला फार आवडली होती. पण माणसांकडून शिकलं की माणसांची धसमुसळी वृत्तीही येते. पहिल्या वळणावर ब्रेकच न मारता आत घुसणारे त्या नावांमागे भरपूर भेटले. मित्राचं नाव असलेल्या गाडीने ढकललं की जास्तच लागतं.

आर्याची_आई

मी प्रोग्रामर नाही. माझी मुलगी सात वर्षांची, तिचा बाबा आणि मी रविवारी दुपारी 'मारिओ कार्ट ८' खेळतो. वरचं सगळं वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटते.

तुम्ही सगळे न्याय म्हणजे "सगळ्यांना सारखं" असं धरून चाललाय. माझ्या मुलीला सारखं दिलं तर ती प्रत्येक वेळी बारावी येईल आणि तिसऱ्या रविवारी खेळायला बसणार नाही. मारिओ कार्टमध्ये मागे असलेल्याला पेटीतून जोरदार वस्तू मिळतात, पुढच्याला केळ्याचं साल वगैरे. पहिल्या नंबरवर जाऊन आदळणारं निळं कवच मागच्यांनाच मिळतं. तिला हे पक्कं माहीत आहे. मागे पडली की ती रडत नाही, "आता मला भारी काहीतरी मिळणार" म्हणते. बाबा पहिला असला की त्याला माहीत असतं, कवच कधीही येईल.

घाटवळण, तुमचा भाचा रागावला तो मदत होत होती म्हणून नव्हे, असं मला वाटतं. ती मदत त्याच्यापासून लपवली होती, म्हणून. मुलांना फसवलेलं फार पटकन कळतं.

सायली_गेमडेव्ह

आर्याची_आई, तुम्ही म्हणता ते अगदी नेमकं आहे आणि मी वर ते सोडूनच दिलं होतं.

त्याच मालिकेचा पहिला गेम, १९९२चा 'सुपर मारिओ कार्ट', याच्या उलट उदाहरण आहे. त्यात संगणकाच्या गाड्या रस्त्यावरून वस्तू घेतच नसत. प्रत्येकाकडे स्वतःचं एक ठराविक हत्यार असायचं आणि ते हवं तितक्या वेळा वापरता यायचं. शिवाय तुम्ही कोण निवडलंय त्यावर वरचे क्रमांक कोण गाठणार हे ठरलेलं असे. त्या काळच्या यंत्राची ताकद बघता हे समजण्यासारखं आहे. तरी आज खेळताना खटकतं, कारण नियम दोघांना वेगळे आहेत.

म्हणून मी माझं मत असं दुरुस्त करते. मदत द्या, पण ती गेमचा नियम म्हणून द्या. पडद्यावर दिसू दे, आणि सातही गाड्यांना लागू असू दे. उदाहरणार्थ, पुढच्या गाडीच्या मागे हवेचा विरोध कमी होतो. हा स्लिपस्ट्रीम खऱ्या शर्यतीतही असतो. तो थोडा वाढवून द्या, वाऱ्याच्या पांढऱ्या रेघा दाखवा. मागच्याला फायदा मिळतो, कोणालाच तो लबाडीचा वाटत नाही.

घाटवळण

रात्री एक वाजता हे वाचतोय आणि झोप उडाली आहे. सगळ्यांचे मनापासून आभार. आर्याची_आई, तुमचा प्रतिसाद मी मित्राला फोनवर वाचून दाखवला. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. न्याय म्हणजे सारखेपणा, हे मी तपासून न बघताच धरलं होतं.

दोन अडचणी विचारतो. एक, स्वस्त फोनवर सहा गाड्यांचं पूर्ण भौतिकशास्त्र चालवलं की फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं. दुसरी, स्वभाव दिले तरी चांगला खेळाडू निघून जाणार आणि एकटा पडणारच. त्याचं काय करायचं?

सायली_गेमडेव्ह

पहिलीवर: लांबच्या गाड्यांना हलकं गणित द्या, रेषेवरून सरकत जाऊ द्या. फक्त एक पथ्य पाळा. हलक्या गणितातला लॅपचा वेळ त्याच ड्रायव्हरच्या खऱ्या गणितातल्या लॅपच्या वेळेइतकाच यायला हवा. नाहीतर नजरेआड गेलेली गाडी नकाशावर उड्या मारत येते. तुमच्या भाच्याने नकाशावरूनच पकडलं होतं, आठवा. गाडी खेळाडूच्या जवळ येत असताना, दिसायच्या आधीच, पूर्ण गणितावर आणा.

दुसरीवर: २००८चा 'प्युअर' नावाचा चार चाकी बाइकचा गेम होता. त्यांच्या एआयवर काम करणाऱ्याने नंतर ते कसं केलं हे सविस्तर लिहिलं. त्यांनी गाडीचा वेग न वाढवता ड्रायव्हरचं कौशल्य रेसदरम्यान वरखाली केलं. शिवाय सगळे खेळाडूच्या अंगाशी गोळा होऊ नयेत म्हणून गट पाडले. काही जण पुढे राहायचा प्रयत्न करणारे, काही आसपास, काही मागे. म्हणून खेळाडूला नेहमी कोणीतरी गाठायला असायचं आणि कोणीतरी पाठीशी.

तुम्ही यातलं गट पाडण्याचं घ्या. कौशल्य हलवायचं असेल तर शर्यतीच्या *आधी* हलवा, खेळाडूच्या मागच्या दोन-तीन लॅपच्या वेळा बघून. सुरू झाल्यावर हात लावू नका. चांगल्या खेळाडूला ०.९७ ते १.०२ चे सहा जण द्या, नवशिक्याला ०.८५ ते ०.९५ चे. एखादा मात्र त्याच्यापेक्षा थोडा वरचढ ठेवाच.

निनाद_श्टुटगार्ट

अडचणीची पातळी खेळाडूलाच बारकाईने निवडू द्या. एफ१च्या गेममध्ये ० ते ११० अशी पट्टी आहे. आमच्या गटात लोक "मी सध्या ८७ वर आहे" असं सांगतात, जणू पोरांची उंची सांगतायत. सोपं, मध्यम, कठीण या तीनच पायऱ्या दिल्या की दोन पायऱ्यांच्या मध्ये असलेला माणूस कुठेच रमत नाही.

आणि दबाव! मागे कोणी चिकटून आलं की माणूस चुकतो. बॉटलाही तसं होऊ दे. मागची गाडी सलग काही सेकंद जवळ राहिली की त्याच्या अंदाजात थोडी जास्त चलबिचल द्या. ती गाडी खेळाडूची आहे की दुसऱ्या बॉटची, हे बघायचं नाही. मग बॉट एकमेकांवरही दबाव टाकतील, चुकतील, आणि मागून बघणाऱ्याला खऱ्या शर्यतीसारखं नाट्य दिसेल.

चौथा_गिअर

मला गणित कळत नाही, पण एक खेळणारा म्हणून सांगतो. त्यांना नावं द्या. रेझर लक्षात राहिला तो त्याच्या नावामुळे आणि त्याच्यावर राग होता म्हणून. "कार ३" वर राग कसा धरायचा?

घाटवळण

(पाच आठवड्यांनी)

मंडळी, उशिराबद्दल क्षमस्व. काम केलं, मग लिहायला आलो.

वाटणाऱ्या पकडीचा आकडा प्रत्येक ड्रायव्हरला दिला. दाराला चाक लागलं की जागा सोडायची, हा नियम सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला. हेअरपिनला तीन गाड्या शेजारी आल्या की मधली दोघांना जागा द्यायला जायची आणि थांबायचीच. शेवटी आतल्या गाडीला आधी हक्क दिला, तेव्हा सुटलं. स्लिपस्ट्रीमच्या रेघा आल्या. नावं अजून ठरलेली नाहीत, सध्या रंगांवरून ओळखतो.

दबावाचा नियम मात्र आम्ही पहिल्यांदा फार जास्त ठेवला होता. मागे नुसतं उभं राहिलं तरी समोरचा दरीकडे जायचा. माझ्या बहिणीने दोन रेस खेळून सांगितलं, "मी काहीच करत नाहीये, तेच हरतायत." आकडा खाली आणत आणत आता एका रेसमध्ये एखादीच चूक होते, क्वचित एकही नाही.

एक अडचण उरली आहे. सुरुवातीला सातही जण पहिल्या वळणावर एकदम पोचतात आणि कोंडी होते.

गेल्या रविवारी भाचा पुन्हा आला. मी काही न सांगता फोन दिला. पहिल्या रेसला चौथा, दुसरीला तिसरा. तिसऱ्या रेसला तो पिवळ्या गाडीच्या मागे दोन लॅप नुसता चालवत होता. पुढे जायची संधी असूनही गेला नाही, म्हणून मी विचारलं काय करतोयस. नजर न हलवता म्हणाला, "थांब मामा. हा पिवळा उतारावरच्या डाव्या वळणाला दर वेळी लवकर ब्रेक मारतो. तिथेच घेणार त्याला." शेवटच्या लॅपला त्याने तिथेच आतली बाजू धरली. पिवळ्याने जागा सोडली, दोघं वळणभर शेजारी गेले, आणि बाहेर पडताना भाचा अर्धी गाडी पुढे होता. लाल गाडी तरीही जिंकली. त्याने लगेच पुढची रेस लावली.

आर्याची_आई

वाचताना अंगावर काटा आला. आमच्याकडे फोन जुना आहे, त्यावर चालेल का? आर्याला दाखवायचंय.

सायली_गेमडेव्ह

पहिल्या वळणाच्या कोंडीसाठी: सुरुवातीचे आठ-दहा सेकंद मागच्या रांगेतल्यांची वाटणारी पकड थोडी कमी करा. म्हणजे ते आधी ब्रेक मारतील. माणसंही पहिल्या वळणावर जपूनच असतात, म्हणून खोटं दिसणार नाही. फक्त तो लाल मागच्या रांगेत असला तर त्याला यातून वगळा. त्याचा स्वभाव तसा वाटत नाही.